तोतऱ्या पोपटाचं पुस्तक आणि रॅकमधले नसलेले नंबर

तुझा प्रश्न वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीतच पुस्तक ओळखलं. तू लिहिलंयस की सुट्टीत मामाकडे सांताक्रूझला यायचास, तिथल्या लायब्ररीतून इंग्लिश पुस्तकं आणायचास, त्यात तीन मुलं होती, भंगाराच्या ढिगाखाली त्यांचं ऑफिस होतं आणि एका गोष्टीत बोलणारे पोपट होते, त्यातला एक अडखळत बोलायचा. ना पुस्तकाचं नाव आठवतंय ना लेखकाचं. आता मुलगी दहा वर्षांची झालीय, तिला हे द्यायचंय, मध्यंतरी फास्टर फेणेचा अख्खा सेट आणून दिलास तर तिने दीड पुस्तक वाचून कपाटात टाकला, मग तू स्वतः वाचायला घेतलंस तर तुलाही पहिल्यासारखी मजा येईना. म्हणजे पुस्तक कुठलं, मिळेल कुठे आणि मजा गेली कुठे.

मी वाकोल्याला, म्हणजे तुझ्या मामाच्या सांताक्रूझलाच, १९८४ ते २०१७ लायब्ररी चालवली. दहा बाय चौदाचा गाळा, पुढे शटर, आत चार भिंती पुस्तकं आणि मधे एक माझं टेबल. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस. आणि अरेतुरे करतेय ते चालवून घे, माझ्या टेबलापर्यंत ज्यांचं डोकं पोचत नव्हतं त्यांना मी आता अहोजाहो करू शकत नाही.

तर पुस्तक. मालिकेचं नाव थ्री इन्व्हेस्टिगेटर्स. ज्युपिटर जोन्स, पीट क्रेनशॉ आणि बॉब अँड्र्यूज ही ती तीन मुलं, गाव कॅलिफोर्नियातलं रॉकी बीच, आणि भंगाराचं यार्ड ज्युपिटरच्या काकांचं. पोपटवालं पुस्तक मालिकेतलं दुसरं, १९६४ सालचं, नावातच तोतरा पोपट आहे, द मिस्ट्री ऑफ द स्टटरिंग पॅरट. त्यात एकूण सात पक्षी आहेत, सहा पोपट आणि एक मैना, प्रत्येकाला एकेक वाक्य पढवलेलं आणि सगळी वाक्यं जुळवली की चोरलेल्या एका चित्राचा पत्ता लागतो. तोतरा पोपट शेक्सपियरचं एक वाक्य अडखळत म्हणतो आणि तो अडखळतो त्यातच मेख आहे, ती मी सांगणार नाही, तू विसरला असशील तर उत्तमच. फक्त एवढं सांगते की ही गोष्ट मराठीत आणायची म्हटली तर भाषांतर करणारा रडेल, सगळं कोडं इंग्लिश उच्चारांवर बसवलंय.

लेखक रॉबर्ट आर्थर. कव्हरवर मात्र रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचं नाव आणि तोंड असायचं, म्हणून निम्मी मुलं ‘काकू, हिचकॉकचं द्या’ असंच मागायची. हिचकॉकने त्यातलं काही लिहिलेलं नव्हतं, नाव वापरायला दिलं होतं. सुरुवातीची त्याची म्हणून जी प्रस्तावना असायची तीसुद्धा लेखकच लिहायचा. आर्थर १९६९ मध्ये गेला, पण मालिका वेगवेगळ्या लेखकांनी १९८७ पर्यंत ओढली, मूळची त्रेचाळीस पुस्तकं. गंमत म्हणजे अमेरिकेत बंद पडली ती जर्मनीत अजून चालू आहे, तिथे १९७९ पासून या गोष्टींची ऑडिओ नाटकं निघतायत आणि नव्या गोष्टी तिकडचे लेखक लिहितात, ज्यांनी लहानपणी कॅसेटवर ऐकल्या ते लोक आता तुझ्या वयाचे होऊन अजून ऐकतायत म्हणे.

आता जुनी कॉपी शोधणार असशील तर एक गोष्ट आधी समजून घे, नाहीतर पैसे देऊन चुकीचं पुस्तक घरी आणशील. हिचकॉक १९८० मध्ये वारला आणि त्यानंतरच्या पुस्तकांत त्याच्या जागी हेक्टर सेबास्टियन नावाचा एक काल्पनिक लेखक आणला, मग पुढे जुनी पुस्तकं परत छापताना त्यांच्यातूनही हिचकॉक काढला. म्हणजे पहिल्या पुस्तकात मुलं ज्याच्या ऑफिसात घुसतात तो माणूसच काही आवृत्त्यांत बदललेला आहे. तू १९९० च्या आसपास वाचली असशील तर तुझ्या आठवणीत नेमका कोण आहे ते आठवून बघ आणि पहिलं प्रकरण चाळूनच घे. हे फक्त याच मालिकेत झालंय असं नाही. हार्डी बॉइज ही अशीच मुलांची अमेरिकन रहस्यमालिका, १९२७ पासूनची, ती १९५९ ते १९७३ मध्ये जवळजवळ नव्याने लिहून काढली, पंचवीस प्रकरणांची वीस केली, जुने वंशभेदी उल्लेख काढले आणि त्याबरोबर बरीचशी मजेदार वर्णनंही गेली. नॅन्सी ड्रूचंही तेच. फेमस फाइव्हची भाषा प्रकाशकांनी २०१० मध्ये ‘आजच्या मुलांसाठी’ म्हणून सोपी केली, लोकांना आवडली नाही, २०१६ मध्ये गपगुमान परत जुनी आणली. तेव्हा ‘हे मी वाचलं होतं तसं नाहीये’ असं वाटलं तर दरवेळी स्वतःच्या वयाला दोष देऊ नकोस, कधीकधी पुस्तकच खरोखर वेगळं असतं.

पण फेणेच्या बाबतीत ही सबब चालणार नाही. तिथे मजा गेली ती दुसऱ्या कारणाने आणि ते कारण मी तेहेतीस वर्षं रोज बघितलंय. तू सेट आणलास ही चूक झाली.

सांगते कसं ते. माझ्याकडे कुठलीही मालिका कधीही पूर्ण नव्हती. एकसुद्धा नाही. थ्री इन्व्हेस्टिगेटर्सचे मणक्यावरचे नंबर बघितले असतेस तर १, २, ५, ६, ११, १४ असे होते, मग एकदम विसाच्या पुढचे. सात नंबर मी तेहेतीस वर्षांत डोळ्याने बघितला नाही. सगळी कॉपी सेकंडहँड, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून नाहीतर किंग्ज सर्कलवरून उचललेली, तिथे जे मिळेल ते घ्यायचं. फेणेची वीस पुस्तकं, त्यातली एका वेळी माझ्या रॅकवर फार तर आठ, बाकीची कुणाच्या तरी घरी, आणि दोन जी गेली ती गेलीच. त्यामुळे इथली मुलं सगळ्या मालिका उलटसुलट वाचायची. आधी चौदा, मग दोन, मग महिनाभराने अकरा. आणि मधल्या गोष्टी त्यांच्या डोक्यात तयार व्हायच्या. एक मुलगा मला सात नंबरची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगायचा, नीट, चोर कोण पुरावा काय सगळं, आणि त्याने ती वाचलेलीच नव्हती, नुसतं पाठीमागच्या यादीतलं नाव वाचून रचली होती. पुढे एका मुलाला ते पुस्तक दुसरीकडून मिळालं आणि त्याने खरी गोष्ट येऊन सांगितली तर सगळ्यांचं एकमत झालं की आपलीच बरी होती.

आणि या मालिका बांधलेल्याच तशा होत्या. हार्डी बॉइज आणि नॅन्सी ड्रू काढणारी जी अमेरिकन कंपनी होती, स्ट्रेटमायर सिंडिकेट, त्यांचा कारखानाच होता, आराखडा ऑफिसात ठरायचा, लिहिणारे पडद्याआडचे लेखक ठराविक रकमेवर, कव्हरवरचं नाव खोटं. फ्रँकलिन डिक्सन किंवा कॅरोलिन कीन नावाचं माणूसच नव्हतं. त्यांचा नियम असा की कुठलंही पुस्तक पहिलं म्हणून हातात पडलं तरी पोराचं अडू नये, म्हणून सुरुवातीलाच आधीच्या प्रकरणांचा उल्लेख आणि शेवटी पुढच्या पुस्तकाची चाहूल. फेणे लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांचं तसं कारखान्याचं काम नव्हतं, तो एकटा माणूस, १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढलेला, ज्यूल व्हर्न मराठीत आणलेला, पण फेणेसुद्धा कुठूनही उघडा, फुरसुंगीचा बनेश, पुण्याची विद्याभवन शाळा, सायकल आणि तो टॉक् आवाज, दोन पानांत ओळख होऊन जाते. आता ही वीस पुस्तकं एका बॉक्समध्ये घालून रविवारी दुपारी दहा वर्षांच्या मुलीसमोर ठेवली तर काय होणार? दुसऱ्या पुस्तकात तिला साचा दिसला. प्रत्येक वेळी हा पोरगा नको तिथे नाक खुपसतो, संकटात सापडतो आणि सुटतो. मोठ्यांनीसुद्धा ओळीने वाचलं तर कंटाळतील. दोन गोष्टींच्या मधे जिथे पंधरा दिवस जायला हवेत तिथे पंधरा मिनिटं गेली, आता त्यात भागवतांचा काय दोष.

माझा नियम होता, एका दिवसात एकदाच पुस्तक बदलून मिळेल. मे महिन्यात मुलं सकाळी दहाला नेऊन साडेअकराला परत आणायची, वाचून झालं काकू दुसरं द्या, आणि मी नाही म्हणायची. त्यावरून एका आईने माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं की पैसे भरलेत तर देत का नाही. खरं कारण तेव्हा साधंच होतं, कॉपी एक आणि मागणारे अकरा. पण नंतर लक्षात आलं की त्या नियमामुळेच संध्याकाळी लायब्ररीच्या पायरीवर पोरं बसून अर्ध्या वाचलेल्या गोष्टीवर वाद घालायची. अगदी वर्ष आठवतं, १९८७, दूरदर्शनवर सुमीत राघवनचा फेणे लागला तेव्हा पायरीवर गर्दी इतकी की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने तक्रार केली. आणि त्याच गर्दीत कुणीतरी महान डोकेबाजाने एका पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने ‘चोर माळी आहे’ लिहून ठेवलं. मी खोडायला गेले तर वाचून झालेल्या एका मुलीने माझा हात धरला, काकू राहू द्या, माळी नाहीचे. म्हणजे मुद्दाम खोटं लिहिलं होतं! ते मी कधीच खोडलं नाही.

बरं, भंगारातल्या ऑफिसाबद्दल तू इतकं प्रेमाने लिहिलंस म्हणून थोडं विषयांतर. ते ऑफिस म्हणजे एक मोडकी फिरत्या घराची गाडी, वरून भंगार रचून लपवलेली, आणि आत शिरायचे चोरवाटांचे प्रकार, त्यातली एक लोखंडी पाइपमधून सरपटत जायची. वाकोल्याच्या मुलांना हे परीकथेसारखं वाटायचंच नाही कारण आमच्याकडे नाल्याच्या कडेला भंगारवाले होतेच की, त्यांनी आपली एक जागा शोधलीसुद्धा होती, मोडक्या रिक्षाचा सांगाडा. मुलांची खूण म्हणजे रंगीत खडूने काढलेलं प्रश्नचिन्ह, ज्युपिटरचं पांढरं, पीटचं निळं, बॉबचं हिरवं. माझ्या शटरवर आठवड्यातून दोनदा पांढरं प्रश्नचिन्ह असायचं कारण शाळेतून चोरून आणायला पांढराच खडू मिळायचा, त्यामुळे सगळेच ज्युपिटर. आणि ती फोनची साखळी आठवते का, एकाने पाच मित्रांना फोन करायचा, त्या प्रत्येकाने पुढे पाच, की तासाभरात गावभर पोरं कामाला लागली. ते वाचून आमची पोरं हताश व्हायची. पाच मित्रांकडे फोन? अख्ख्या चाळीत एक फोन, तो पण पीपी नंबर, शेजारच्यांना बोलवून आणायचा. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. शेवटी त्यांनी गॅलरीतून ओरडण्याची साखळी केली आणि हरवलेली मांजर खरोखर तासाभरात सापडली, रॉकी बीचपेक्षा लवकर!

मला स्वतःला विचारशील तर मला बॉब आवडायचा. तो पब्लिक लायब्ररीत पार्टटाइम काम करतो आणि निम्मी केस तोच संदर्भ शोधून सोडवतो, पण मुलांमध्ये बॉब व्हायला कुणी तयार नसायचं.

आता मिळेल कुठे. मुंबईत जुन्या प्रती इतक्या कमी का उरल्या ते आधी सांगते, म्हणजे कुठे शोधायचं ते आपोआप कळेल. एक कारण आम्ही लायब्ररीवालेच. पेपरबॅक सहा महिन्यांत फाटतं, म्हणून आल्या आल्या बाइंडिंगला द्यायचो. बाइंडर कव्हर फाडून टाकायचा, कडा कापायचा, पुठ्ठा आणि रेक्झिन लावून वर पांढऱ्या शाईत नंबर. पुस्तक दहा वर्षं टिकायचं पण चेहरा गेला. आज लोक ज्या कव्हरसाठी पैसे मोजतात ती आम्ही शेकड्यांनी रद्दीत घातली. दुसरं कारण कसर. मुंबईची हवा आणि बाइंडिंगची खळ ही कसरीची मेजवानी, म्हणून जुना बाइंडर खळीत मोरचूद घालायचा, नंतरच्यांनी ते सोडलं आणि पुस्तकं मणक्यापासून पोखरली गेली.

आणि तिसरं कारण २६ जुलै. २००५ सालचा. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि वाकोला नाला आमच्या शटरमधून आत आला. लहान मुलांची पुस्तकं मी कायम सगळ्यात खालच्या दोन फळ्यांवर ठेवायची, त्यांचे हात पोचावेत म्हणून, कुणाला मागायला लागू नये म्हणून. मोठ्यांच्या कादंबऱ्या वर, कोरड्या राहिल्या. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर आत गेले तर खालची रांग इतकी फुगली होती की फळीतून एक पुस्तक ओढून निघेना, सगळी मिळून एक वीट झाली होती. फळी तोडून काढावी लागली. जी वाचली ती तेव्हा मुलांच्या हातात होती म्हणून, म्हणजे ज्यांनी वेळेवर परत केली नव्हती त्यांनी वाचवली. त्या महिन्याची लेट फी मी कुणाकडूनही घेतली नाही.

असं आणखीही बऱ्याच जणांचं झालं असणार. शिवाय लायब्रऱ्याच गेल्या. तुला माहीत नसेल, शेमारू म्हणून जी व्हिडिओवाली कंपनी आहे ती १९६२ साली वॉर्डन रोडला पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणूनच सुरू झाली होती, पुढे व्हिडिओत गेली, धंद्याचं वारं त्यांना आमच्याआधी कळलं. आम्ही बसलो शेवटपर्यंत, मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, गाळ्याच्या बदल्यात जे मिळालं त्यात लायब्ररी बसत नव्हती.

तर शोधताना दुकानांपेक्षा वेळ सांभाळ. किंग्ज सर्कलचे फुटपाथवाले आहेत, फाउंटनला २००५ मध्ये महापालिकेने बहुतेकांना उठवलं तरी काही जण टिकून आहेत, पण तिथे बसलेल्यांना भाव माहीत असतो. खरा माल उपनगरातल्या रद्दीवाल्याकडे येतो आणि तो वर्षातून दोनदा येतो, दिवाळीच्या साफसफाईत आणि मेच्या शेवटी पावसाआधी माळे रिकामे होतात तेव्हा. आता तिसराही हंगाम आलाय, जिथे बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाऊन लोक भाड्याच्या घरात शिफ्ट होतायत तिथला रद्दीवाला गाठ. तुझा नंबर देऊन ठेव आणि मालिकेचं नाव सांगू नकोस, त्याला नाव कशाला लक्षात राहतंय, ‘आल्फ्रेड हिचकॉकचा फोटो किंवा तीन प्रश्नचिन्हं दिसली की फोन कर’ एवढंच सांग. ऑनलाइन मिळतात, पण फोटो कव्हरचा दाखवतात आणि आतलं काही सांगत नाहीत, म्हणून शेवटच्या पानाचा फोटो मागायचाच. रहस्यकथेची शेवटची चार पानं सगळ्यात आधी निखळतात, सगळेच जण तिथे घाईत असतात ना.

पुस्तक घरी आलं की लगेच कपाटात ठेवायचं नाही. वास घे. ओलसर वास असेल तर पंख्याखाली उघडून उभं ठेव, उन्हात नको, पानं वाकडी होतात. कसरीची भोकं दिसली तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेव, घरच्यांना आधी सांगून ठेव, मग पिशवी न उघडता बाहेर काढ आणि एक दिवस जाऊ दे म्हणजे पाणी पुस्तकावर न सुटता पिशवीवर सुटेल. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावशील तर माझ्याशी गाठ आहे, तो पिवळा पडतो आणि अक्षरं खातो. पातळ कागदाची पट्टी आणि साधी खळ. कपाटात वेखंडाचे तुकडे ठेव.

आता मुलीचं. आधी तो फेणेचा बॉक्स नजरेआड कर, सगळ्या वीसच्या वीस पुस्तकांसकट. मग दोनतीन आठवड्यांनी त्यातलं मधलंच कुठलंतरी एक काढून हॉलमध्ये पडू दे, दे वगैरे म्हणू नकोस. तिला फेणे अडतो तो बहुतेक भाषेमुळे नाही तर वस्तूंमुळे अडत असेल, ट्रंककॉल काय, तार काय, हे तिला माहीतच नाही. ते समजावून सांगत बसू नकोस, पहिली दोन प्रकरणं तू मोठ्याने वाच आणि जिथे फेणे अडकलाय नेमकं तिथे तुला ऑफिसचा फोन आला पाहिजे. ही माझी युक्ती नाही, एका आजोबांची, ते नातवाला लायब्ररीच्या पायरीवर वाचून दाखवायचे आणि बरोबर त्या जागी त्यांचा चष्मा हरवायचा.

मुलगी मराठीच वाचत असेल तर सत्यजित राय यांचा फेलूदासुद्धा दे, अशोक जैनांनी छान मराठीत आणलाय, रोहन प्रकाशनाचा. फेलूदा मोठा आहे पण गोष्ट सांगणारा तोपशे शाळकरी, म्हणून मुलांना तो आपला वाटतो, आणि त्यातली एक गोष्ट तर मुंबईतच घडते. दहाव्या वर्षी थोडा जड जाईल, अकरा पूर्ण झाल्यावर बघ. बाबूराव अर्नाळकर मात्र आत्ता नको. त्यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, माझ्याकडे झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांचं एक अख्खं कपाट होतं, सगळ्यात वरच्या फळीवर, आणि स्टूल मी मुद्दाम टेबलाखाली ठेवायची. त्याचा उपयोग शून्य, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून काढायची. पण वरच्या फळीचं म्हणूनच वाचायची, हेही खरं. तेव्हा अर्नाळकर आणलेस तर माळ्यावर ठेव.

तुझी मजा का गेली याचं उत्तर अर्धं वर आलंच, अर्धं असं की तू फेणे वाचताना सारखा ताडून बघत होतास, हे आठवतं तसंच आहे का. तसं वाचलं तर कुठलंच पुस्तक पास होणार नाही. तोतरा पोपट हातात आला तर आधी तू वाचू नकोस, मुलीला दे, आणि ती वाचत असताना तिला सारखं ‘आता ते येईल बघ’ करू नकोस, ती मारेल.

आणि कॉपीचं म्हणशील तर ऐक. पुरातून वाचलेल्यांत पोपट होता. कुणीतरी तीन आठवडे उशीर केला होता म्हणून वाचला. कव्हर नाही, तपकिरी रेक्झिन, वर पांढऱ्या शाईत माझ्या हातचा नंबर, पान १९ ला डाळीचा डाग, पहिली चार पानं दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स काढून चिकटवलेली, शेवट शाबूत. हिचकॉकच आहे, सेबास्टियन नाही. विकणार नाही. मुलीला घेऊन ये, तिच्या नावाने कार्ड करीन, पन्नास रुपये डिपॉझिट आणि पंधरा दिवसांत परत. फोन करून ये, दुपारी दोन ते चार मी झोपते.